तिसऱ्या भागात अडकलेलं घर

पत्र

मावशी, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. घरी कापूस आणि दादर ज्वारी. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्स झाली, सीईटी देऊन बसला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही नणंदा आल्या होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे हॉलमध्ये कूलरपुढे पडलो होतो. मुलानं टीव्हीवर 'हार्टस्टॉपर' नावाची शाळेतल्या पोरांची इंग्रजी मालिका लावली. कुणाचं फार लक्ष नव्हतं. तिसऱ्या भागात वाढदिवसाची पार्टी चालू होती आणि अचानक दोन मुलांनी एकमेकांना किस केलं. सासूबाई म्हणाल्या, "हाई काय दखी ऱ्हायनात रे?" ह्यांना रिमोट सापडेना, म्हणून उठून प्लगच ओढला. "असली थेरं माझ्या घरात नकोत" म्हणाले आणि त्याचा मोबाइलही काढून घेतला. मुलगा एक शब्द बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. आज सहा दिवस झाले. जेवतो, पण बोलत नाही. मोठी नणंद म्हणते असलं बघूनच पोरं बिघडतात. माझा भाऊ म्हणतो जळगावला एक जण औषध देतो, दाखवून घ्या. मालिका बघून पोरगा तसा होतो का? मी त्याला सरळ विचारून टाकू का? यजमान म्हणतात हे सगळं परदेशी खूळ आहे. मला रात्री झोप नाही.
— एक आई

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले. "नुसता माझ्याकडे बघत होता." तुम्ही ते जाता जाता लिहिलंत आणि पुढे नणंदेकडे वळलात.

त्याच्याकडे मोबाइल होता. सतरा वर्षांच्या पोराकडे इअरफोन नसेल असं मी मानत नाही. जे घरच्यांपासून लपवायचं असतं ते या वयाची पोरं गच्चीवर पांघरुणात बघतात. आखाजीच्या दुपारी, आजी, आई-बाप आणि दोन आत्या समोर असताना, हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर कुणी लावत नाही. मग यानं का लावली?

कदाचित कारण काहीच नसेल. तिसऱ्या भागात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसेल, एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. कदाचित त्याच्या वर्गातल्या कुणाचं काहीतरी चाललं असेल आणि ते त्याच्या मनात घोळत असेल. किंवा त्याला स्वतःबद्दल काहीतरी वाटत असेल आणि तुमच्या हॉलमध्ये त्याला किती जागा आहे ते त्यानं पाऊल टाकून पाहिलं असेल. यातलं खरं काय, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. आज ते कळलंच पाहिजे अशी घाईही नाही. पण तिन्हींपैकी काहीही असो, पडद्यावरच्या त्या दोन पोरांपेक्षा त्याचं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे जास्त होतं, एवढं तुम्हीच लिहिलं आहे. प्लग निघाल्यावर त्यानं बापाकडे पाहिलं नाही, तुमच्याकडे पाहिलं. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय होतं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

आता मालिकेबद्दल, कारण तुमच्या घरानं तिचा नेमका अर्धा मिनिट पाहिला आहे.

'हार्टस्टॉपर' ही नेटफ्लिक्सवर एप्रिल २०२२ मध्ये आलेली इंग्लंडमधली मालिका. ॲलिस ओसमन यांच्या चित्रकथेवरून त्यांनी स्वतःच लिहिलेली. पहिल्या सत्रात आठ भाग. चार्ली नावाचा हळवा, अभ्यासू मुलगा. तो मुलांकडे ओढला जातो हे शाळेत उघड झाल्यावर पोरांनी त्याला भरपूर छळलेलं. त्याच्या शेजारी वर्गात येऊन बसतो निक, रग्बी खेळणारा, सगळ्यांचा आवडता. मैत्री होते. तिसऱ्या भागात एका श्रीमंत पोराच्या वाढदिवसाला, हॉटेलातल्या एका रिकाम्या खोलीत, दोघं अवघडून एकमेकांना विचारतात आणि मग तो मुका. तो आला आणि तुमच्याकडचा प्लग गेला. पुढे काय होतं ते ऐका. बाहेरून मित्रांचे आवाज येतात, निक घाबरतो आणि चार्लीला तिथंच सोडून पळून जातो. चार्लीला वाटतं, आपण हा मित्र घालवला. दुसऱ्या दिवशी निक पावसात भिजत त्याच्या दारात येऊन उभा राहतो. म्हणजे ज्याला यजमान थेरं म्हणाले त्या प्रसंगाचा मोठा भाग भीतीचा आहे. मी शिक्षिका होते, वर्षानुवर्षं या वयाची पोरं पाहिली; या मालिकेत मला आक्षेपार्ह म्हणावं असं काही सापडलं नाही. आपल्या संध्याकाळच्या मालिकांमध्ये सुनेच्या दुधात काय काय कालवतात, ते आजीच्या मांडीला मांडी लावून बघणाऱ्या घरानं तर या आठ भागांची चिंता करूच नये.

आणि अजून एक, हे मला बोचतं म्हणून लिहिते. रात्री जेवताना आपण विनोदी कार्यक्रम लावतो. त्यात पुरुष साडी नेसून येतो, दुसऱ्या पुरुषाच्या गळ्यात पडतो, त्याचा मुका घ्यायला धावतो आणि अख्खा हॉल हसतो. जिजी, म्हणजे तुमच्या सासूबाईही हसतात. तेव्हा कुणी प्लग ओढत नाही. तुमच्या घरी असं काही लागत नसेल तर तुमचं घर खान्देशात निराळंच म्हणायचं. म्हणजे तुमच्या मुलानं लहानपणापासून दोन पुरुषांची जवळीक याच हॉलमध्ये पाहिली आहे, फक्त हसण्यावारी नेलेली. या मालिकेत पहिल्यांदा त्यावर कुणी हसलं नाही. तुम्हा सगळ्यांना धक्का कशाचा बसला, मुक्याचा की त्यावर हसू न येण्याचा, याचा एकदा विचार करा.

"बघून तसा होतो का?" नाही. आपल्याकडे सिनेमा आल्यापासून पडद्यावर मुलगा-मुलगीच प्रेमात पडत आलेत, झाडाभोवती, पावसात, बर्फात. ते बघून बघून ज्यांचा ओढा तसा नव्हता त्यांचा तो झाला असता, तर हा प्रश्न जगात उरलाच नसता. मालिका ओढ तयार करत नाही. जे आधीपासून आत आहे त्याला कधीकधी नाव देते, एवढंच.

यजमानांच्या परदेशी खुळाबद्दल. त्यांना सांगा, परदेशातही हे सुखासुखी आलं नाही. २४ मे २००० रोजी अमेरिकेत 'डॉसन्स क्रीक' या किशोरवयीनांच्या मालिकेत जॅक नावाच्या मुलानं दुसऱ्या मुलाचं चुंबन घेतलं. तिथल्या मोठ्या वाहिन्यांच्या मुख्य वेळेत दोन पुरुषांचं असं प्रेमाचं चुंबन तोवर झालं नव्हतं असं मानतात. ते दाखवू दिलं नाही तर मी मालिका सोडतो, असं लेखक ग्रेग बर्लांटी यांना वाहिनीला बजावावं लागलं होतं. अमेरिकेत! आणि आपल्या मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ सालीच आलं. कॉलेजातली एक मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते, अशी ती गोष्ट. तेव्हा अमळनेरात नेटफ्लिक्स तर सोडाच, किती घरांत टीव्ही होता हे जिजींनाच विचारा.

आता डॉक्टरकडे न्यायचं काय. भावाला ठाम नाही म्हणा, गोड बोलून टाळू नका, कारण असली माणसं परत परत विचारतात. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजीच ती आजारांच्या यादीतून काढली. आपल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये हेच जाहीर केलं. असा कल 'बदलून देण्याचे' उपचार थांबवा, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आणि नंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे जळगावातला तो जण खरा डॉक्टर असेल तर तो नियम मोडतोय आणि डॉक्टर नसेल तर पुढे बोलायलाच नको. मुळात तुमच्या मुलानं एक मालिका लावली. तेवढ्यावरून त्याला गाडीत घालून औषधाला नेलं, तर त्या गाडीत त्याचा तुमच्यावरचा उरलासुरला विश्वास संपेल.

कायद्याचंही सांगते, कारण तुम्ही विचारलं नाही तरी रात्री झोप नसताना माणूस तिथपर्यंत जातोच. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं असं नातं आपल्या देशात गुन्हा नाही. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही; १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती दिली नाही. पण ताई, पोरानं अजून 'अ' म्हटलेला नाही आणि तुम्ही मनातल्या मनात त्याच्या लग्नाचा मांडव घालून मोडलाही असेल. तिथून परत या.

सरळ विचारून टाकू का, या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. नका विचारू.

याच मालिकेत निकचं काम करणारा किट कॉनर नावाचा तरुण. खऱ्या आयुष्यात तो कुणाकडे ओढला जातो, यावरून लोकांनी इंटरनेटवर त्याच्यामागे इतकं टुमणं लावलं, की २०२२ च्या ऑक्टोबरअखेर त्यानं लिहून टाकलं: मला मुलं-मुली दोन्ही आवडतात, अठरा वर्षांच्या पोराला बळजबरीनं सांगायला लावल्याबद्दल तुमचं अभिनंदन. मालिकेत जे पात्र आपल्या वेळेनं, आपल्या आईला, आपल्या घरात बसून सांगतं, ते साकारणाऱ्या पोराला खऱ्या जगानं तेवढी सवड दिली नाही. तुम्ही ती द्या. विचारलंत तर तो "नाही" म्हणेल. खरं असो वा नसो, "नाही"च म्हणेल. आणि एकदा तोंडातून "नाही" गेलं की पुढे कधी "हो" म्हणायचं झालं, तर त्याला आधी स्वतःला खोटारडा ठरवावं लागेल.

माझ्या हातून एकदा हे झालेलं आहे. नव्वदच्या दशकात मी शाळेत मराठी शिकवायची, गाव आणि शाळा सांगत नाही. दहावीतल्या एका मुलाच्या निबंधाच्या वहीत एक चिठ्ठी सापडली. त्यानं दुसऱ्या मुलाला लिहिलेली. साधी होती, तू क्रिकेटला येत नाहीस तेव्हा मला मैदानावर थांबवत नाही, असं काहीतरी. अक्षर फार सुंदर होतं त्याचं. मी ती वही मिटून त्याला परत देऊ शकत होते. मी चिठ्ठी मुख्याध्यापकांकडे नेली. शिक्षक खोलीत ती मोठ्यानं वाचली गेली, हसले सगळे, मीही थोडी हसले. वडिलांना बोलावलं. वडिलांनी व्हरांड्यात सगळ्यांदेखत विचारलं, "खरं सांग, तू तसा आहेस का?" तो नाही म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. दहावीचा फॉर्म भरला होता, परीक्षेला बसला नाही. वही बरेच दिवस माझ्या कपाटात पडून होती.

म्हणून सांगते, विचारू नका, पण गप्पही राहू नका. सहा दिवसांची तुमची शांतता त्याला "आईलाही किळस आली" अशीच ऐकू येत असणार.

काय करायचं ते सांगते. सध्या वाळवणांचे दिवस आहेत. तुमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे राहिले असतील तर घाला, झाले असतील तर पुन्हा घाला, मुलासाठी किलोभर ज्वारी खर्ची पडली तरी चालेल. पहाटे घाटा शिजला की गरम पातेलं गच्चीवर न्यायला त्याला उठवा. ते काम एकटीचं नसतंच. तो एका बाजूनं, तुम्ही एका बाजूनं, दोघांचे हात घाट्यात आणि डोळे अंथरलेल्या लुगड्यावर. अवघड गोष्टी समोरासमोर बसवून बोलायच्या नसतात. शेजारी शेजारी, हात गुंतलेले असताना बोलायच्या. सूर्य वर यायच्या आत म्हणा, "त्या दिवशी ह्यांनी प्लग काढला तेव्हा मी काही बोलले नाही, ते माझं चुकलं. ती मालिका मला पूर्ण बघायची आहे. तुला वाटलं तर लाव, नाही तर राहू दे." बस. त्यापुढे एक शब्द नाही. तो "हं" म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. बिबडे घालत राहा.

मोबाइल आजच परत द्या. अभ्यासाचं वय, रात्रीची जागरणं, यासाठी मोबाइलवर बंधन घालायचं तर जरूर घाला, ते वेगळं भांडण आहे. पण हा मोबाइल शिक्षा म्हणून गेला आहे आणि गुन्हा काय ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. शिवाय सहा दिवस तो मित्रांपासून तुटलाय. त्याला खरंच काही सलत असेल तर त्याचं बोलणं ऐकणारं जे कुणी असेल, ते त्या मोबाइलमध्येच असेल. आणि देण्याआधी तो उघडून बघू नका. यजमानांनी बघितला असेल तर तसं त्याला सांगा.

यजमानांवर माझा राग नाही. रिमोट सापडला असता तर त्यांनी नुसतं चॅनल बदललं असतं आणि हे पत्र मला आलंच नसतं, असं मला वाटतं. बहिणी समोर, आई समोर, बाप्या माणूस गांगरला आणि ओरडला. आपल्याकडचे बाप "चुकलं" म्हणत नाहीत, ते पोराला गाडीवर बसवून धुळे रोडच्या ढाब्यावर शेवभाजी खायला नेतात. तसं नेऊ द्या. फक्त जाताना मोबाइल त्यांच्याच हातानं परत जाऊ द्या आणि ढाब्यावर "त्या विषयावर" भाषण करायचं नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. कापसाच्या बियाण्यावर बोला म्हणावं, सीईटीवरसुद्धा नको.

जिजींची काळजी तुम्ही जास्तच करताय. त्यांनी विचारलं, "हे काय बघताय?" तो प्रश्न आहे, निकाल नाही. त्यांना उत्तर कुणी दिलंच नाही. नणंदेचं निराळं, ती सासरी जाऊन चार घरी सांगणार हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिला फोनवर एकच सांगा, "पोरांची इंग्रजी शाळेची मालिका होती, आम्ही पण बघतोय." यापुढे ती काय सांगणार?

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तो जेवतो म्हणालात, ते बरं आहे. पण झोप उडाली, ताट तसंच राहू लागलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, "मी नसलो तर" अशी भाषा निघाली, तर वाट पाहू नका. त्याच्यापासून दूर होऊ नका आणि टेली मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. तुमच्या स्वतःच्या झोपेसाठीही लावलात तरी चालेल. कॉलेजात कुणी त्याला चिडवतंय का, हेही त्याच्या मित्रांच्या बोलण्यातून हळूच कानावर येतं का बघा. चार्लीची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आणि समजा, पुढे कधी त्यानं सांगितलंच? उद्या नाही, पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला, फोनवर. त्या मालिकेच्या आठव्या भागात निक आईला सांगतो. आई त्याला जवळ घेते, सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानते, आणि आपल्याला हे सांगता येणार नाही असं तुला कधी माझ्यामुळे वाटलं असेल तर माफ कर, अशा अर्थाचं बोलते. ऑलिव्हिया कोलमननं ते काम असं केलंय की मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. तेवढा एक प्रसंग तुम्ही एकट्यानं आधी बघून ठेवा. इंग्रजी सगळं कळलं नाही तरी तिचा चेहरा कळेल. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टच्या माध्यमातून या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, पालकांना समजेल अशा मराठीत लिहिलंही आहे. तुम्हाला वाचायचं असेल तर ते मिळवा. त्याच्या टेबलावर मात्र नेऊन ठेवू नका. ते विचारण्यासारखंच झालं.

तुमच्या घराच्या खुणा पटतील असे तपशील मी पत्रातून बदलले आहेत. हे उत्तर यजमानांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मुलाला नको, आईनं आपल्याबद्दल एका परक्या बाईला लिहिलं हे सतराव्या वर्षी कुणालाच आवडत नाही. आणि त्यानं टीव्ही लावलाच, तर चौथ्यापासून नको म्हणा. तिसऱ्याचा शेवट बघायचा राहिलाय तुमचा.